मालेगाव, पण जहांगीर

वाशीम जिल्ह्यात मालेगाव नावाचे तालुक्याचे गाव आहे, आणि त्या गावचा एखादा बियाणे-विक्रेता, एखाद्या शाळेचा मुख्याध्यापक किंवा एखाद्या देवस्थानाचा विश्वस्त जेव्हा आपल्या संस्थेचे संकेतस्थळ उघडून जगासमोर उभा राहू पाहतो, तेव्हा त्याची पहिली गाठ कोणा प्रतिस्पर्ध्याशी न पडता स्वतःच्या गावाच्या नावाशीच पडते. शोधयंत्राला नुसते ‘मालेगाव’ म्हणावे, तर ते विचारणाऱ्यास सरळ नाशिक जिल्ह्यात, गिरणा-मोसमच्या संगमावरील यंत्रमागांच्या शहरात नेऊन पोहोचवते. शेजारच्या कारंजाची तऱ्हा याहून बिकट. कारण एक कारंजा वर्धा जिल्ह्यात घाडग्यांचा आहे, एक उरणजवळ समुद्रकाठी आहे, आणि बागेतली कारंजी विकणारे व्यापारी त्या गर्दीत आणखी भर घालतात. शिरपूर म्हटले की धुळे जिल्हा पुढे सरसावतो, आणि मंगरूळ म्हटले की अमरावतीकडचे मंगरूळ दस्तगीर आडवे येते. महसुली दप्तराने हा घोटाळा फार पूर्वीच ओळखला असला पाहिजे, कारण तेथे मालेगावास ‘जहांगीर’, कारंजास ‘लाड’, मंगरुळास ‘पीर’ आणि शिरपुरास ‘जैन’ अशी पुरवणी जोडून लिहिण्याची वहिवाट आहे, आणि तिच्यामुळे एका मौजाचे टपाल दुसऱ्या मौजास जाण्याचे टळते. आजचा संकेतस्थळ-लेखक मात्र ती पुरवणी जुनाट म्हणून गाळतो, आणि मग वाचक का फिरकत नाहीत म्हणून कपाळाला हात लावून बसतो.

संकेतस्थळाचा मजकूर कसा सिद्ध करावा आणि त्याकडे निरनिराळ्या दिशांनी वाचक कसे यावेत, या विषयावर सल्ला देणाऱ्यांची आज वाण नाही. परंतु तो बहुतेक सल्ला मोठ्या शहरातील मोठ्या दुकानदारास डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. त्याची खरी परीक्षा पाहावयाची तर ती वाशीमसारख्या मुलखात पाहावी असे मला वाटते. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागे पडलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्राचे जे मोजके जिल्हे आले त्यांपैकी हा एक. कारखानदारी बेताची, शेती मुख्यतः पावसावर विसंबलेली, आणि खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. पण याच मुलखात वाकाटकांची राजधानी होती, दत्तसंप्रदायातील नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान आहे, जैनांचे प्राचीन ग्रंथभांडार आहे आणि बंजारा समाजाची काशी आहे; म्हणजे येथे येऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या जाती अनेक, त्यांच्या वाटा अनेक, आणि त्यांची भाषाही एक नाही.

नावाचा प्रश्न जिल्ह्याच्या ठाण्यालाही सुटलेला नाही. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर ‘बासिम’ या नावाने जो जिल्हा होता, तो १९०५ साली मोडून त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात घालण्यात आला. पुढे नऊ दशकांनंतर, १ जुलै १९९८ रोजी, वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. याचा परिणाम असा की, या भूभागाविषयीचा एकोणिसाव्या शतकातला कागद ‘बासिम’ म्हणतो, विसाव्या शतकातला बहुतेक कागद ‘अकोला’ म्हणतो, संस्कृतचा पंडित ‘वत्सगुल्म’ म्हणतो, आणि हयात असलेला माणूस ‘वाशीम’ लिहितो किंवा ‘वाशिम’. या साऱ्या नावांनी एकच गाव हुडकणारी माणसे निरनिराळ्या खोल्यांत बसलेली आहेत. ज्या पानावर ही नावे सहज ओघात, जेथे त्यांचे कारण आहे तेथे, आलेली असतील, त्या पानाला या साऱ्यांशी बोलता येते. पानाच्या तळाशी अशा नावांची माळ लावून ठेवण्याची जी युक्ती एके काळी फार चालत असे, तिचा आता उपयोग उरलेला नाही. शोधयंत्रे तिला ओळखतात आणि असे पान खाली ढकलतात.

आता जालावर वाशीमविषयी जे लिहिलेले आहे ते पाहू. जिल्हा प्रशासनाचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सर्व जिल्ह्यांसाठी सिद्ध केलेल्या सामाईक साच्यावर उभे आहे. नोकरभरती, निविदा, परिपत्रके, अधिकाऱ्यांचे दूरध्वनी, अशा ज्याच्या-त्याच्या निकडीच्या गोष्टी तेथे असल्यामुळे वाचक तेथे बोलावल्याविना येतो. अशा सरकारी स्थळांपुढची अडचण निराळी आहे. कचेरीतून निघालेला पुष्कळसा कागद छायाचित्रासारखा उतरवून तेथे चढवला जातो, आणि तो माणसाला वाचता आला तरी यंत्राला वाचता येणे अवघड जाते. जुन्या काळच्या टंकांत टाइप केलेला मजकूर तर याहून फसवा. कृतिदेव नावाच्या टंकात ‘काका’ असा शब्द पडद्यावर ठसठशीत देवनागरीत दिसतो. यंत्राच्या पोटात मात्र डी, के, डी, के ही चार रोमन अक्षरे साठवलेली असतात, कारण तो टंक म्हणजे रोमन अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवण्याची करामत होती. त्या कागदातला ‘काका’ कोणी देवनागरीत शोधू लागला तर तो त्याला कल्पांतापर्यंत सापडणार नाही. युनिकोडने हे दुखणे मुळातून बरे केले, पण त्यापूर्वीची दप्तरेच्या दप्तरे तशीच मुकी पडून आहेत. तालुक्याच्या गावी नवे संकेतस्थळ काढणाऱ्या होतकरू माणसाने काही नवीन लिहिण्यापूर्वी आपल्या संस्थेचे दहा-पंधरा वर्षांचे अहवाल युनिकोडमध्ये उतरवून घेतले, तरी त्याच्या स्थळाला पहिल्या वर्षाचा मजकूर मिळेल, आणि तो मजकूर अन्यत्र कोठेही नसलेला असेल.

अन्यत्र कोठेही नसणे, हाच येथे कळीचा मुद्दा आहे. खाजगी संकेतस्थळांवर वाशीमविषयीची पाने पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील दहा पाने एका बैठकीत वाचली की ध्यानात येते की दहाही ठिकाणी तेच बालाजी मंदिर, तेच पद्मतीर्थ, तोच वाकाटकांचा ओझरता उल्लेख आणि बहुतेक तीच वाक्ये आहेत. त्यांचा माग काढत गेले तर आपण पुष्कळदा गॅझेटियरपाशी येऊन थांबतो. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले, १९१० साली अकोला जिल्ह्याचे निघाले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी तहसिलीतून आकडे मागवले, देवस्थानांच्या पुजाऱ्यांना विचारले, आणि ऐकीव दंतकथा ‘असे म्हणतात’ या शब्दांसह नोंदवल्या. आमच्या जालीय लेखकांनी त्यातले ‘असे म्हणतात’ तेवढे गाळले. साहेबाने जेथे शंका ठेवली होती तेथे आम्ही छातीठोकपणे सांगू लागलो, आणि मूळ ग्रंथाचे नाव घेण्याचे सौजन्यही दाखवले नाही. दहा ठिकाणी आहे तेच सांगणारे अकरावे पान वाचकाने का उघडावे, याचे उत्तर अशा लेखकाजवळ नसते.

याउलट, कोणालाही ठाऊक नसलेला एक खरा कागद पुढे आला म्हणजे काय घडते, याचा दाखला याच गावाने दिलेला आहे. १९३९ साली वाशीम येथे वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. तांब्याचे चार पत्रे. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाच्या व्यवहाराचा भाग प्राकृतात. राजाच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेली ही सनद सांगते की नांदीकटाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गात, टाकलक्खोप्पकाकडे जाणाऱ्या वाटेजवळचे आकासपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले आहे. आणि मग त्या गावाला कोणकोणत्या करांपासून व उपद्रवांपासून माफी आहे त्याची लांबलचक यादी येते. कोणी दिले, कधी दिले, कोठून दिले, कोणाला दिले, गाव कोणत्या वाटेवर आहे आणि सवलती कोणत्या, हे सारे चार पत्र्यांवर आहे. स्तुती आहे ती पूर्वजांपुरती. व्यवहार सुरू झाला की भाषा बदलते, आणि ज्यांनी तो अमलात आणावयाचा त्यांना कळेल अशी होते, असे मला तरी वाटते. आजची किती संकेतस्थळे पहिल्या पानावर एवढा तपशील देतात, हे ज्याने-त्याने आपापल्या स्थळापुरते पाहावे.

या एका कागदाने वाशीमकडे जी माणसे वळवली त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही, पण त्यांच्या वाटा दिसतात. या ताम्रपटामुळे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा अभ्यासकांना प्रथमच नीट उमगली, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना त्याच्या आधारे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वंशावळीचे वाचन दुरुस्त करता आले. आणि १९६३ साली त्यांनी संपादिलेला वाकाटक लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाल्यावर गुप्त-वाकाटक काळाविषयी लिहिणाऱ्या कोणाही विद्वानाला वाशीमचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. अजिंठ्याची चित्रे पाहावयास निघालेला माणूस अशा रीतीने वाशीमच्या वाटेला लागतो. अलंकारशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्याच वाटेने येतो. संस्कृत ग्रंथकार राजशेखर याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे, आणि साहित्याची सोयरीक जेथे जुळली ते गाव कोणते, हा प्रश्न त्याला केव्हातरी पडतोच. (वाशीममध्ये दरवर्षी होणाऱ्या विवाहसोहळ्यांच्या जाहिराती जालावर विपुल आहेत, या विवाहाची एकही मला आढळली नाही.)

कारंजाची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. बळात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांच्या गाद्या तेथे होत्या, आणि त्यांच्या मंदिरांतून हस्तलिखितांचे गठ्ठे वेष्टनांत बांधून पिढ्यान्पिढ्या जपलेले होते. जपलेले होते, पण बाहेरच्या जगाच्या हिशेबी ते नव्हतेच. कारण कोणत्या कपाटात काय आहे याची यादी बाहेर कोणाजवळ नव्हती. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरला प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात कारंजाच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद आली. त्या सूचीत समग्र ग्रंथ नव्हते. नोंदी होत्या त्या नाव, कर्ता, थोडा परिचय अशा. परंतु तेवढ्याने अपभ्रंश भाषेच्या अभ्यासाची दिशा पालटली. अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला कारंजाच्या नावाने सुरू झाली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ तिच्यात निघाले, पाठोपाठ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ साली कनकामर मुनीचे ‘करकंडचरिउ’ संपादून दिले. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात दहाव्या शतकात लिहिणारा पुष्पदंत कवी हजार वर्षांनी एका वऱ्हाडी कसब्याच्या नावासह युरोपातल्या ग्रंथालयांत जाऊन बसला. सूचीवाचून ग्रंथ नसल्यासारखा असतो, आणि ग्रंथावाचून सूची निकामी. ही जोडी शोधयंत्राच्या कारागिरांना साठ-सत्तर वर्षांनी नव्याने सुचली, एवढेच.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. १९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्राची जी रीत प्रसिद्ध केली, तिचा पाया विद्वानांच्या संदर्भ देण्याच्या परिपाठावरच घातलेला होता. एखाद्या निबंधाचा आधार जितके लोक घेतात तितके त्याचे वजन वाढते, आणि वजनदार माणसाने आधार घेतला तर ते अधिकच वाढते; त्याच न्यायाने एका पानाकडे इतर पानांनी जोडलेले दुवे मोजून त्या पानाची योग्यता ठरवावी, असे त्यांनी सुचवले. पुढे त्या रीतीत शेकडो फेरफार झाले; तरी मूळ तत्त्व टिकून आहे. कारंजाच्या वेशींविषयी, म्हणजे दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस यांच्याविषयी, जर कोणी आज एक नीट पान लिहिले, प्रत्येक वेशीचे स्वच्छ छायाचित्र, तिच्यावरील शिलालेख असल्यास त्याचे वाचन, आणि तिचा रस्ता आज कोठे जातो हे सारे दिले, तर विकिपीडियाचा मराठी लेखक त्याचा आधार घेईल, वास्तुकलेचा विद्यार्थी त्याला दुवा देईल, शाळामास्तर सहलीच्या पत्रकात त्याचा पत्ता छापील. दुवे विकत देणारे दलालही बाजारात बसलेले आहेत. त्यांचे दुवे मिळतात आणि पकडलेही जातात, यापलीकडे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

विद्वानांच्या वाटेवरून आता बाजाराच्या वाटेवर येऊ, कारण वाशीम जिल्ह्यातून रोजच्या रोज जालावर जो प्रश्न विचारला जातो तो वाकाटकांविषयीचा नाही. “आज सोयाबीन काय भावानं गेली?” हा तो प्रश्न होय. दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी आटोपून मळणीयंत्रे चालू झाली की वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड अशा बाजार समित्यांच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात, सकाळी हर्रासी सुरू होते, आणि गावाकडे ट्रॅक्टर भरून ठेवलेला शेतकरी निघावे की थांबावे हे ठरवण्यासाठी मोबाईल उघडतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीवार तक्ता असतो: वाण, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. हा तक्ता उचलून, वर ‘आजचे सोयाबीन बाजारभाव’ असा ठळक मथळा देऊन जाहिरातींच्या मधोमध बसवणाऱ्या पानांचे पीकही सोयाबीनइतकेच अमाप आलेले आहे. त्यांना वाचक मिळतो हे नाकारता येत नाही. पण तो एकदाच मिळतो, कारण काल रात्रीचा आकडा आजची तारीख घालून दिला आहे हे शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

आवारात हर्रासीच्या वेळी थोडे उभे राहिले की तक्त्यात न मावणारे पुष्कळ काही कानावर पडते. अडत्याने ढिगात हात घालून मूठभर दाणे उचलावे, एक दाताखाली धरावा, आणि यंत्र लावण्यापूर्वीच ओलाव्याचा अंदाज मापाऱ्याला सांगावा. बोली दहा-वीस रुपयांनी चढत जावी. शेजारच्याच ढिगाला त्याहून पुष्कळ अधिक दर मिळावा, आणि तो का मिळाला हे फक्त जवळ उभ्या असलेल्यांना कळावे. तक्त्यातील ‘कमाल दर’ हा पुष्कळदा बियाण्याच्या प्रतीच्या थोड्याशा मालाला मिळालेला असतो. तो वाचून सारा माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा हिरमोड होतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आली. त्या आठवड्यात शेतकऱ्याला हवे होते ते एवढेच: ही सवलत माझ्या जवळच्या खरेदी केंद्रावर लागू झाली काय, बारदाना आला आहे काय, आणि नोंदणीला कोणते कागद न्यावेत. आवारात उभा राहून हे चार ओळींत लिहिणारा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असेल, तर त्याच्या पानाला शोधयंत्राची मनधरणी करावी लागणार नाही; गावागावांतील व्हॉट्सॲपचे गट ते आपण होऊन पुढे धाडतील.

व्हॉट्सॲपचे नाव निघाले म्हणून वाचकांच्या हजेरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. संकेतस्थळावर कोण कोणत्या वाटेने आला याची नोंद ठेवणारी साधने फुकट मिळतात; गूगलने २००५ साली उपलब्ध केलेले ‘ॲनालिटिक्स’ हे त्यांतले सर्वांत रुळलेले. कचेरीतल्या आवक बारनिशीसारखेच ते काम: शोधयंत्राकडून आलेले, दुसऱ्या स्थळावरील दुव्यावरून आलेले, समाजमाध्यमांतून आलेले आणि थेट आलेले, अशा रकान्यांत प्रत्येक पाहुणा रुजू होतो. नवा संकेतस्थळ-चालक ‘थेट’ या रकान्यातील मोठा आकडा पाहून हुरळतो; त्याला वाटते की इतक्या लोकांना आपला पत्ता तोंडपाठ आहे. वस्तुस्थिती अशी की व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेला दुवा दाबून जो येतो, त्याच्या येण्याची वाट बहुधा नोंदली जात नाही, आणि मग त्याला ‘थेट’ म्हणूनच रुजू करून घेतात. अलेक्सिस मॅड्रिगल या अमेरिकी पत्रकाराने २०१२ साली या अदृश्य वाटेला ‘डार्क सोशल’ म्हटले. आमच्या जिल्ह्यात ती अंधारी वाट हाच हमरस्ता असावा. तिची थोडी तरी खूण पटावी म्हणून गटांत पाठवावयाच्या दुव्याला निराळी शेपटी जोडण्याची सोय आहे. तेवढे केले तरी वाशीमच्या गटातला वाचक आणि पुण्यात राहणाऱ्या वाशीमकराच्या गटातला वाचक वेगळे मोजता येतात, आणि दोघांना हवे असलेले वेगळे आहे हे आठवडाभरात कळून येते.

आणखी एक वाट अलीकडे उघडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो पुढे मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. एकूण ७०१ किलोमीटरचा हा रस्ता कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. ज्या कारंजाला मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज ‘शकुंतला’ तिच्या सवडीने नेत असे, तेथे आता नागपूरहून निघालेली मोटार दोन-अडीच तासांत उतरू शकते, आणि तीत बसलेला प्रवासी चालत्या गाडीतून विचारतो की गुरुमंदिर उतार-नाक्यापासून किती लांब, दुपारी बंद असते काय, गाडी कोठे लावावी, जेवण मिळेल काय. नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानाचे माहात्म्य सांगणारी पाने विपुल आहेत, आणि ती असावीत. पण या प्रवाशाची वाट नकाशातून येते, आणि नकाशातील नोंदीत जर वेळा चुकीच्या असतील तर माहात्म्य वाचण्यापूर्वीच तो पुढे निघून जातो. दत्तभक्तांची परिक्रमा कारंजा, औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर अशी चालते, आणि गाणगापूर कर्नाटकात आहे. म्हणून या चार क्षेत्रांच्या पानांनी एकमेकांना दुवे द्यावेत आणि कारंजाचे एक पान कन्नडात असावे, ही गोष्ट सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज पडू नये.

शिळ्या मजकुराचे उदाहरण पाहावयाचे तर शिरपूर जैनकडे वळावे. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे ते मंदिर श्वेतांबर आणि दिगंबर पंथीयांतील वादामुळे १९८१ पासून कुलूपबंद होते, आणि भाविकांना झरोक्यातून दर्शन घ्यावे लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये चार दशकांनी ते उघडले. त्या आठवड्यात गुजरात, राजस्थान, मुंबई येथून मंदिराविषयी विचारणा करणाऱ्यांची रीघ लागली असणार. आणि तोवर लिहिलेले प्रत्येक जुने पान, मग ते कितीही सुंदर लिहिलेले असो, एका दिवसात चुकीचे ठरले. वर्तमानपत्रातील लेखाला हे भय नसते, कारण त्याच्या माथ्यावर तारीख असते. संकेतस्थळाचे पान मात्र नित्य आज लिहिल्यासारखे दिसते. त्यावर ‘अमुक तारखेस तपासले’ अशी ओळ घालण्याचा शिरस्ता आमच्याकडे अजून पडलेला नाही; तो पडेल तर वाचकाचा विश्वास जितका वाढेल तितका कोणत्याही रंगसंगतीने वाढणार नाही.

आता यंत्रेच लिहू लागली आहेत. शोधयंत्राच्या माथ्यावर तयार उत्तर झळकते, आणि विचारणारा तेवढ्यावर समाधान मानून खालच्या पानांत उतरत नाही. त्यामुळे ज्यांचा सारा व्यवहार नक्कल केलेल्या सामान्य माहितीवर चालला होता, त्यांच्या दुकानावर आधी गदा आली. वाशीमची लोकसंख्या, वाशीमचे तालुके, वाशीमची प्रेक्षणीय स्थळे, एवढ्यासाठी आता कोणी कोणाच्या पानावर येणार नाही. मला त्याचे फारसे दुःख नाही. देव तलावाची पातळी यंदा कोठवर आली, कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटांचा कळप कोणत्या बाजूस दिसला, बालाजीच्या यात्रेत वाहने कोठे अडवतात, हे यंत्राला कोणीतरी माणसानेच सांगावे लागते, आणि तो माणूस पुण्यात बसलेला असून चालत नाही.

शेवटी पोहरादेवी. मानोरा तालुक्यातील या गावी संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि रामनवमीच्या यात्रेला बंजारा समाज महाराष्ट्राप्रमाणेच तेलंगणा, कर्नाटक आणि आंध्रातूनही लोटतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, आणि नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत पाहण्यासाठी आता यात्रेवाचूनही माणसे येतात. या जिल्ह्यातील कोणत्याही स्थळापेक्षा दूरदूरच्या वाचकांची शक्यता येथे अधिक आहे, आणि प्रचलित रीतीने लिहिलेले मराठी पान येथे सर्वांत कमी पुरे पडते. गोर बोली या समाजाला सर्वत्र जोडते; तिला स्वतःची लिपी नाही; महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू अक्षरांत, कर्नाटकात कन्नड अक्षरांत. विजयपूरच्या तांड्यावरचा तरुण आणि आदिलाबादच्या तांड्यावरचा तरुण एकमेकांचे बोलणे समजतील, लिहिलेले वाचू शकतील असे नाही. म्हणून पोहरादेवीचे पहिले पान कानाने ऐकावयाचे करावे लागेल: गोर बोलीत चार मिनिटांचे निवेदन, मुक्काम कोठे करावा, भंडाऱ्याची वेळ कोणती, वाशीम किंवा अकोल्याच्या स्थानकावरून एसटी कशी मिळते, लेकराबाळांसह आलेल्या बाईमाणसांची अंघोळीची सोय कोठे. फीत इतकी हलकी हवी की ती व्हॉट्सॲपवर सहज पुढे जावी, आणि निवेदनाखालचे चार-सहा नामफलक तिन्ही लिप्यांत हवेत. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. मानोऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयातील बंजारा मुलामुलींना ते एका सुट्टीत करता येईल. फक्त ते चैत्र लागण्याच्या निदान महिनाभर आधी जालावर चढलेले असावे, कारण नवे पान शोधयंत्राला गवसून वर यावयास आठवडे लागतात, आणि तांड्यावरच्या मंडळींनी यात्रेची गाडी त्याच्या कितीतरी आधी ठरवलेली असते.